वडिलांची मारुती, परक्याची ओमनी आणि एकच रिमोट

मे महिन्यातला बाजाराचा दिवस. बसस्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली होती. एका हातात भाजीच्या पिशव्या, दुसऱ्या हाताने लांबूनच रिमोट दाबला. आमच्या मारुतीने इंडिकेटर मिचकावले. तिच्यापासून चार गाड्या सोडून उभ्या असलेल्या एका पांढऱ्या ओमनीनेही मिचकावले. योगायोग समजून परत दाबला. दोन्ही लॉक झाल्या. तिसऱ्यांदा दाबला, दोन्ही उघडल्या. ओमनीवाले काका समोरच चहा पीत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी खिशातून स्वतःचा रिमोट काढला आणि आमची मारुती उघडून दाखवली. दोघांनीही एकाच दुकानातून 'रिमोट' बसवून घेतला होता, आठ दिवसांच्या अंतराने.

पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगतो. पण आपल्या गावात वर्षभरात बऱ्याच जुन्या गाड्यांना हे प्रकरण बसलंय, म्हणून लिहितोय.

गाडी वडिलांची. 2003 ची मारुती 800. तिचं पासिंग दोनदा नव्याने करून घेतलंय, विकायचं नाव काढलं की वडील जेवत नाहीत. अलीकडे त्यांचा हात थरथरतो, चावी भोकात जात नाही, दाराचा रंग ओरखडून गेलाय. म्हणून रिमोट. चोरीची भीती हे कारण नव्हतंच. हे मुद्दाम सांगतोय, त्याचं कारण पुढे येईल.

या गाडीची चावी म्हणजे एकेकाळी राष्ट्रीय घटना होती. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात मारुती 800 ची चावी दिली, तो फोटो देशभर गेला. चावी देतानाचा फोटो काढायची आपली हौस काही कमी झालेली नाही. शोरूममधले पुठ्ठ्याच्या मोठ्या चावीचे फोटो मी आमच्या पेपरात किती छापले, मोजदाद नाही.

पण ती चावी तशी साधीच. कुलपात पातळ पितळी पट्ट्या, चावीच्या दात्यांनी त्या एका रेषेत आल्या की कुलूप फिरतं. दहा-पंधरा वर्षांत पट्ट्याही झिजतात आणि दातेही. मग दुसऱ्या मारुतीची चावी आपल्या मारुतीला लागते. जुन्या लोकांना हे माहीत आहे. लग्नाच्या मांडवासमोर परक्याच्या गाडीत आहेराच्या पिशव्या ठेवून आलेले पाहुणे आमच्याच नात्यात आहेत. बाजारात माझ्याबाबतीत झालं ते तेच, फक्त बिनतारी.

गंमत म्हणजे हा प्रश्न जगभर पुन्हा पुन्हा आलाय. चावी फिरवून इंजिन चालू करायची सोय क्रायस्लरने 1949 मध्ये आणली. 1956 मध्ये पॅकार्डने दारांना विजेवर चालणारी लॉकं दिली. 1980 मध्ये फोर्डने थंडरबर्डच्या ड्रायव्हरच्या दारावर पाच बटणं बसवली, त्यावर पाच आकड्यांचा नंबर दाबायचा, चावीची गरज नाही. पाच बटणं, पाच दाब, म्हणजे एकूण 3,125 नंबर. चिकाटीचा माणूस असेल तर सगळे दाबून बघू शकतो.

खिशातला रिमोट आला तो फ्रान्समध्ये. 1982 मध्ये रेनोच्या फुएगो गाडीला. पॉल लिपशुट्झ नावाच्या माणसाने तो शोधला, आणि त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरांवरून फ्रेंच लोक गाडीच्या रिमोटला आजही 'प्लिप' म्हणतात. तो टीव्हीच्या रिमोटसारखा अदृश्य प्रकाशावर चालायचा, म्हणजे गाडीकडे नेम धरून दाबावा लागे. पुढे रेडिओलहरी आल्या आणि नेम धरायची गरज संपली. त्याबरोबर एक नवीन गोष्ट झाली: जो संदेश आपली गाडी ऐकते तो शेजारी उभा असलेला कोणीही ऐकू शकतो.

सुरुवातीच्या रेडिओ रिमोटचा नंबर कायमचा ठरलेला असे. काहींत आठ छोटे खटके असत, प्रत्येक वर किंवा खाली, म्हणजे 256 जोड्या, संपलं. त्याहून वाईट म्हणजे दर वेळी तोच नंबर हवेत जातो. चोराने एकदा टिपून ठेवला की तोच परत वाजवायचा. दार उघडतं, काच फुटत नाही, आवाज नाही.

यावरचा तोडगा दक्षिण आफ्रिकेतून आला. नॅनोटेक या कंपनीत 1980 च्या दशकात 'कीलॉक' नावाची पद्धत तयार झाली, 1995 मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीने ती विकत घेतली. यात रिमोट आणि गाडी दोघांकडे एक गुप्त किल्ली आणि एक मोजणी असते. प्रत्येक दाबाला मोजणी एकने पुढे जाते आणि तिच्यावरून नवा नंबर बनतो. वापरलेला नंबर गाडी परत घेत नाही. घरात नातवाने रिमोट खेळायला घेतला आणि दहा वेळा दाबला, तरी चालतं, कारण गाडी साधारण 16 पावलं पुढचा नंबर मान्य करते. त्याच्याही पुढे गेला तर लागोपाठ दोनदा दाबलं की जुळतं. याला रोलिंग कोड किंवा हॉपिंग कोड म्हणतात. किट घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच.

मी विचारला नव्हता. बाजारातून घरी येऊन रिमोटचे स्क्रू काढले. आत एक लहान हिरवी पट्टी, तिच्यावर आठ जागा. प्रत्येक जागेला तीन पर्याय: वरच्या बाजूला डाग द्यायचा, खालच्या बाजूला द्यायचा, किंवा मोकळी सोडायची. म्हणजे 6,561 नंबर करता येतात. फिटरने करायचं काम एवढंच होतं की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या रिमोटला आणि डब्याला वेगळे डाग द्यायचे. आमच्या पट्टीवर एकही डाग नव्हता. ओमनीच्याही नव्हता. त्या दुकानातून किती गाड्या आठही जागा मोकळ्या ठेवून बाहेर पडल्या असतील, विचार करा. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "साहेब, कुणाला माहितीये?" आता निदान तुम्हाला माहितीये.

त्याने डबा बदलून रोलिंग कोडवाला दिला, वर सातशे रुपये घेतले. हाही काही ब्रह्मास्त्र नाही. 2008 मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी कीलॉकची कंपनीची मूळ किल्ली चिपच्या वीजवापरावरून काढून दाखवली. 2015 मध्ये अमेरिकेत सॅमी कामकरने सुमारे 32 डॉलरचं एक यंत्र दाखवलं: तुम्ही बटण दाबता तेव्हा ते गोंगाट करून गाडीला ऐकू देत नाही आणि तुमचा न वापरलेला नंबर स्वतःकडे ठेवतं. आपल्या तालुक्यात कोणी एवढी मेहनत घेऊन 2003 ची मारुती पळवेल असं मला वाटत नाही. पण रिमोट दाबल्यावर वडील अजूनही प्रत्येक दाराचं हँडल ओढून बघतात, आणि आधी मी त्यांना हसायचो, आता हसत नाही.

आता फिटिंगबद्दल, कारण खरा घोळ तिथे असतो. जुन्या मारुतीत दाराच्या आत नॉबपासून लॉकपर्यंत एक लोखंडी सळई जाते. किटमधल्या मोटरची सळई तिला छोट्या क्लॅम्पने जोडतात. ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरला पाच वायरी, बाकीच्यांना दोन. क्लॅम्प वाकडा बसला की नॉब अडखळतो, मोटर जोर लावते आणि लवकर जळते. दार आणि खांब यांच्यामधून वायर न्यायला भोक पाडावं लागतं. त्या भोकाला रबर बसवलेलं आहे की नाही, ते दार उघडून स्वतः बघा. रबर नसेल तर दर उघडझापीला पत्र्याची धार वायरीवर घासते. आमच्याकडे रबराच्या जागी चिकटपट्टी होती, तीही एकाच दारात. आणि बॅटरीकडून येणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा, डॅशबोर्डखाली शेवटी नव्हे. वायर मध्येच कुठे पत्र्याला लागली तर अलीकडचा फ्यूजच वाचवतो.

हे सगळं मला उशिरा कळलं, आणि कळलं ते आईमुळे. जून उजाडला होता, पाऊस नव्हता. आईला मागच्या सीटवर बसवून औषधाच्या दुकानात गेलो. धुळीमुळे काचा वर. उतरलो आणि सवयीने रिमोट दाबला. परत येतोय तर गाडी उघडेना. पॅनेलकडची एक वायर सुटली होती. चावी लावली, तर क्लॅम्प सरकून सळई अडकलेली. आईने आतून नॉब उचलायचा, तर नॉबच नाहीत! "चोराला पकडायला काही राहायला नको" म्हणून फिटरने चारही नॉबची टोपणं काढून टाकली होती, आणि मी त्याला शाबासकी दिली होती. आई 74 वर्षांची. दुपारचा एक. मी दगड शोधत होतो तेवढ्यात ती शांतपणे काचेचं हँडल फिरवायला लागली. मागची काच अर्ध्यापर्यंत खाली आली. पॉवर विंडो घ्यायचा पैसा 2003 मध्ये वडिलांकडे नव्हता, एवढंच. तिला पाणी दिलं, काचेतूनच. दार उघडायला पुढे वीस मिनिटं लागली.

उन्हात बंद गाडीत अडकून लहान मुलं दगावल्याच्या बातम्या मी स्वतः टाइप केल्यात. 1 जुलै 2019 पासून आपल्या देशात नव्या मोटारींना सेंट्रल लॉक हाताने उघडायची सोय सक्तीची आहे, एअरबॅग आणि वेगाच्या इशाऱ्याच्या नियमांबरोबरच ती आली. जुन्या गाडीत ही सोय आधीपासून होती. नॉब म्हणजे तीच. आपण पैसे देऊन ती काढून घेतो.

आता ते चोरीचं. रिमोट लॉक दार उघडतं आणि बंद करतं. इंजिनशी त्याचा संबंध नाही. इंजिन अडवतो तो इमोबिलायझर, वेगळी वस्तू. युरोपात ऑक्टोबर 1998 पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. आमच्या गाडीत काच फोडून आत शिरलेल्या माणसाला इग्निशनच्या दोन वायरी जोडल्या की झालं, रिमोट कितीही भारी असो. दुकानातला फलक मात्र 'अँटी थेफ्ट' म्हणतो. विम्यात चोरीविरोधी यंत्राची सवलत आहे, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त 500 रुपये, पण यंत्र पुण्याच्या एआरएआयने मान्य केलेलं हवं आणि बसवल्याचं ऑटोमोबाइल असोसिएशनचं प्रमाणपत्र हवं. आमच्या किटच्या खोक्यावर एक चिनी पत्ता आणि वाघाचं चित्र आहे.

सध्याची स्थिती अशी: नॉब परत बसवले, जुन्या बाजारात चार टोपण्या साठ रुपयांना मिळाल्या. चारही दारांना रबर. फ्यूज बॅटरीजवळ आणला, दुसऱ्या इलेक्ट्रिशियनकडून. रिमोट वडिलांच्या गळ्यात दोरीने असतो, चावी माझ्या खिशात. ओमनीवाल्या काकांनाही डबा बदलून मिळाला. त्या दुकानातून बसवलेला रिमोट तुमच्याकडे असेल तर येत्या बाजारी बसस्टँडमागे गाडी घेऊन या, आपण एकमेकांच्या गाड्यांवर दाबून बघू. मी दहा वाजता तिथेच असेन.