पटवाऱ्याची साखळी

सरकार म्हणजे काय, हे शहरातील मनुष्य कायद्याच्या पुस्तकावरून सांगेल. खेड्यातील शेतकऱ्यास मात्र ते पटवारी व कोतवाल ह्या दोन माणसांच्या रूपानेच दिसत आले आहे. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा मुलूख १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, आणि इंग्रजी अमदानीत तो मध्यप्रांतात मोडे. तेथील पटवारी साध्या हिशेबनिसाचा कसबी मोजणीदार कसा झाला, हा इतिहास श्रोत्यांनी ऐकण्याजोगा आहे.

मध्यप्रांतात मालगुजारी पद्धत होती. गावाचा सारा मालगुजार भरी व दप्तर पटवारी ठेवी. आरंभी हा पटवारी नावाला सरकारचा, परंतु पुष्कळ ठिकाणी मालगुजाराच्याच ओंजळीने पाणी पिणारा असे. कुळाचा हक्क लागला तर दप्तरात लागावयाचा, आणि दप्तर तर अशा हातात! मोजणीचे शिक्षण नाही, वरची तपासणी तोकडी. मग रयतेने भरवसा ठेवावा कशावर?

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली प्रत्येक प्रांतात शेतकी खाते असावे व गावची आकडेवारी विश्वासार्ह असावी, असे सुचविले. पुढे बॅम्फील्ड फुलर ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मध्यप्रांतात एक निराळी रीत चालू झाली. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पथकाने गावाची चौकट आखून द्यावयाची आणि आतील शेतन्‌शेत पटवाऱ्याने मोजावयाचे. त्यासाठी त्यास साखळी धरण्याचे, नकाशा काढण्याचे व खसरा लिहिण्याचे शिक्षण देण्यात आले. ह्यात खर्चाची बचत होतीच; परंतु मोठा लाभ दुसराच होता. बाहेरचा मोजणीदार काम आटोपताच निघून जाई, त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाई. पटवारी गावात राही व दरसाल तोच नकाशा घेऊन शिवारात फिरे.

वैनगंगेच्या ह्या धानाच्या मुलखात ते काम सोपे नव्हते. बांध्या लहान, बांध वाकडे, मध्ये तलाव व बोड्या. साखळी थोडी ढिली पडली की एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे चढावयाची. पिकाच्या आणेवारीचेही तसेच. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांत सारा तहकूब करावा की नाही, हे ठरविताना अशाच गावोगावच्या कागदांचा आधार घ्यावा लागे. तेथे एक आणा चुकीचा पडला तर उपाशी घरावर साऱ्याचा तगादा येई.

कोतवालाची कथा ह्याहून निराळी. गावातील जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्यावर तोच पोहोचवी. पटकी कोणत्या गावी शिरली, हे सरकारास बहुधा त्याच्याच पायपिटीने कळे. त्याला स्वतःला लिहिता येत नसे, म्हणून वही दुसऱ्याकडून लिहवून न्यावी लागे. त्यास शिक्षण कोणी दिले नाही. मोबदला म्हणजे बहुधा शेतकऱ्यांकडून मिळणारे धान्य.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, आणि मालगुजार व कूळ ह्यांचे हक्क ठरविताना पटवाऱ्याचेच जुने दप्तर उघडावे लागले. १९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यात आला. पुढे पटवाऱ्याचा तलाठी झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवर पिकाची नोंद करू लागला व तलाठ्याकडे पडताळणीचे काम आले. आता तलाठ्यास ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि कोतवालास ‘महसूल सेवक’ अशी नावे मिळाली आहेत.

नाव मिळणे हा मान खराच. परंतु ह्या इतिहासाचा बोध असा की, राज्याला गरज पडली तेव्हा पटवाऱ्यास विद्या मिळाली, आणि ज्याची विद्या कोणास महत्त्वाची वाटली नाही तो कोतवाल पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिला. नव्या नावाबरोबर नवे शिक्षण, पुरेसे वेतन व शिवारात जाण्यास सवड दिली, तरच त्या नावाला अर्थ येईल. कारण उद्याही एखाद्या म्हातारीची एक बांधी तिच्या नावावर राहावयाची की नाही, हे त्या शेवटच्या माणसाच्या हातावरच अवलंबून राहणार आहे.