साधन कोणी निवडावे?

संततिनियमनाचा विषय निघाला की ‘कोणते साधन चांगले?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. परंतु इतिहास पाहू लागले की त्याच्याही आधीचा प्रश्न समोर येतो: साधन निवडावयाचे कोणी? गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडे याचे उत्तर कसकसे बदलत गेले, तेवढेच आज पाहावयाचे आहे.

१९२१ साली लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले. त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. कर्वे गणिताचे प्राध्यापक. या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई यांची मात्र त्यांना साथ होती. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले व १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचक पत्रांतून शंका विचारीत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. अशा उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि दोनशे रुपये दंड झाला. विचारणाऱ्याला माहिती देणे हाच गुन्हा ठरत असेल, तर निवड करावयाची कशाच्या आधारावर? १९३८ साली आंबेडकरांच्या पक्षाने मुंबईच्या विधानसभेत या विषयावर ठराव आणला. तोही फेटाळला गेला. त्या काळी रूढीने सर्वांच्या वतीने निवड करून टाकली होती, आणि ती म्हणजे काहीच न करण्याची!

स्वातंत्र्यानंतर वारे फिरले. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पण केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या अनुयायी; त्यांचा ओढा संयमाकडे. म्हणून पहिले प्रयोग झाले ते ‘सुरक्षित दिवसां’च्या पद्धतीचे. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब चुकतो, हे उघड आहे. शिवाय माळ बायकोच्या हाती दिली, तरी ‘आज नको’ म्हणण्याचा अधिकार तिच्या हाती किती घरांत होता?

पुढे १९६५ पासून ‘लूप’चा प्रचार झाला. साधन वाईट नव्हते. परंतु ते बसवून घेतल्यावर रक्तस्राव वा वेदना झाल्यास बाईने जावे कोठे, याची व्यवस्था अपुरी होती. लोकांचा विश्वास उडाला. त्यानंतर भर आला तो शस्त्रक्रियेवर, आणि आणीबाणीत त्याला सक्तीचे रूप आले. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, एवढेच.

त्या सक्तीचा रोष पुरुषांच्या शस्त्रक्रियेवर निघाला आणि भार मात्र स्त्रीवर पडला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी शंभरात अडतीस जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची झालेली जोडपी हजारात तीन! वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी जोखमीची. फक्त त्यानंतर सुमारे तीन महिने, तपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते.

आज पर्याय पुष्कळ आहेत. निरोध घ्या, गर्भासोबत गुप्तरोगांपासूनही रक्षण करणारे साधन तेच. तांबी अनेक वर्षे टिकते आणि मूल हवे झाल्यास काढता येते. काहींना तिने पाळीचा त्रास वाढतो. नेहमीच्या संमिश्र गोळ्या रोज नियमाने घ्याव्या लागतात. रक्तदाब असलेल्या, किंवा पस्तिशी उलटून धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला त्या योग्य नव्हेत. तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन आहे. ते थांबविल्यावर दिवस राहण्यास काहीसा विलंब लागू शकतो. शस्त्रक्रिया कायमची, मन पुरते ठरलेले नसेल तर ती करू नये.

यांतले सर्वांत चांगले कोणते, असे आपण मला विचाराल. याचे एकच उत्तर नाही, आणि एकच उत्तर सर्वांवर लादण्याचे परिणाम आपण आताच पाहिले. आणखी मूल हवे आहे का, केव्हा हवे आहे, प्रकृती कशी आहे, त्रास झाल्यास जवळ दवाखाना आहे का, आणि नवरा आपला वाटा उचलणार का, हे प्रश्न नवराबायकोने एकत्र बसून सोडवावयाचे आहेत. डॉक्टरने माहिती द्यावी, सरकारने साधने पुरवावीत. पण जिच्या शरीराचा प्रश्न आहे तिचा होकार वा नकार शेवटचा मानावा. कर्व्यांनी दंड भरूनही पत्रांना उत्तरे देणे थांबविले नाही. तसे निःसंकोच विचारणे आणि स्पष्ट सांगणे आपल्या घरांत सुरू झाले, तर त्यांचे काम पुढे गेले असे म्हणता येईल.