घरची भाषा आणि मतपत्रिका

घरीं कोणती भाषा बोलतां, हा प्रश्न शेजाऱ्यानें केला तर साधा असतो. सरकारनें केला म्हणजे त्यामागें कांहीं इतिहास असतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिस काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, असा इतिहास आम्हांस बोधक वाटतो.

१८४८ च्या तहानें हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला. तोंपर्यंत तेथील कारभार स्पॅनिशमध्यें चाले. १८४९ च्या राज्यघटनेनें कायदे इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध करण्याचें बंधन घातलें. १८७९ च्या घटनेनें तें काढून कारभार केवळ इंग्रजीचा केला. १८९४ सालीं तर इंग्रजी वाचतां न येणाऱ्याला मताचा हक्कच उरला नाहीं. त्या वेळीं जे मतदार होते किंवा साठीला पोंचले होते, त्यांना तेवढी सूट मिळाली. पुढच्या पिढीला नाहीं.

ही अट १९७० पर्यंत टिकली. त्या वर्षीं याच काउंटींतील कांहीं जन्मसिद्ध नागरिकांचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें मान्य केला. स्पॅनिश वर्तमानपत्रें वाचून ज्यांना सार्वजनिक प्रश्न समजतात त्यांना निरक्षर कसें म्हणावें, हा त्यांचा मुद्दा होता. मात्र निवडणूक दोन भाषांत चालवावी असें न्यायालयानें सांगितलें नाहीं. हक्क मिळाला, कागद इंग्रजीच राहिला!

तो कागद बदलण्यास १९७५ चा मध्यवर्ती कायदा व्हावा लागला, आणि येथें खानेसुमारीचा संबंध येतो. १९८० पासून निवडक कुटुंबांना तीन प्रश्न विचारले जाऊं लागले: घरीं इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतां काय, कोणती, आणि इंग्रजी कितपत येते? उत्तरें चार: फार चांगली, चांगली, बेताची, मुळींच नाहीं. गंमत अशी कीं, नुसती ‘चांगली’ म्हणणाराही इंग्रजींत उणा धरला जातो. विनयशील माणसानें येथें जपून उत्तर द्यावें! शिवाय घरची भाषा कितपत येते, हें कोणी विचारीतच नाहीं. आमच्याकडील खानेसुमारींत निदान मातृभाषेबरोबर येत असलेल्या आणखी दोन भाषांना जागा असते.

तरीही या ओबडधोबड मापानें मोठें काम केलें. १९९२ च्या दुरुस्तीनें, इंग्रजी अपुरी असलेले एका भाषेचे दहा हजारांहून अधिक मतदानयोग्य नागरिक काउंटींत असले व त्यांच्यांत निरक्षरतेचें प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त असलें, तर त्या भाषेंत निवडणुकीचे कागद देणें भाग झालें. लॉस एंजेलिसमध्यें स्पॅनिशबरोबर चिनी, जपानी, व्हिएतनामी आणि फिलिपिनी लोकांची टागालोग या भाषा आल्या. २००२ मध्यें कोरियन आली.

२०२० सालीं या काउंटीची वस्ती एक कोटीवर गेली होती. तींतील पांच वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोक घरीं इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात, आणि त्यांतील बहुतेकांना इंग्रजीही ‘फार चांगली’ येते. ग्लेंडेल शहरीं आर्मेनियन लोकांची मोठी वसाहत आहे. परंतु कायद्यानें भाषिक अल्पसंख्य म्हणून स्पॅनिश, आशियाई, अमेरिकेचे मूळ रहिवासी आणि अलास्काचे मूळ रहिवासी एवढेच वर्ग मानले असल्यामुळें, आर्मेनियनांची संख्या कितीही भरली तरी त्या कलमाचा लाभ त्यांस मिळत नाहीं.