खोक्यातलं सैन्य

खोका उघडला की आत सैनिक नसतातच. राखाडी प्लास्टिकच्या चौकटीत हात, डोकी, ढाली, कुऱ्हाडी सुट्या अडकलेल्या असतात. त्या कापायच्या, साच्याची रेघ पात्यानं खरवडायची, साबणाच्या पाण्यानं धुवायचं, जोडायचं, प्रायमर मारायचा. रंग त्यानंतर.

पूर्वी एवढं करावं लागत नसे. 1893 साली ब्रिटन्स या लंडनच्या कंपनीनं शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. धातू कमी लागे, म्हणून ते स्वस्त पडत. शिवाय रंगवूनच मिळत. 1913 मध्ये एच. जी. वेल्सनं अशा खेळण्यांच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध बरं, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं.

1971 च्या ‘चेनमेल’नं मध्ययुगीन लढायांच्या नियमांना राक्षस आणि जादूगारांची पुरवणी जोडली. 1983 साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ आला. तेव्हाही सैनिक शिशाच्या मिश्रधातूचेच होते. शिसं विषारी, म्हणून नव्वदच्या दशकात कंपन्या बिनशिशाच्या धातूकडे वळल्या. प्लास्टिकही वाढत गेलं.

एक चेहरा रंगवायला माझा अख्खा तास जातो. मग खेळात फाशावर एक पडतो आणि तो सैनिक मरतो. त्याला उचलून बाजूला ठेवताना वाईट वाटतं. वेल्सचं म्हणणं तेव्हा पटतं. पण ज्यांनी 1914 चं युद्ध पुकारलं, त्यांना एकेक चेहरा रंगवावा लागला नव्हता.