पाटू
पाटू : कोळ्यांच्या सिंफायटोग्नॅथिडी कुलातील अतिसूक्ष्म कोळ्यांचा एक वंश. सामोआतील पाटू मार्प्लेसाय या जातीच्या नराची लांबी ०·४३ मिमी., तर कोलंबियातील पाटू डिग्वा या जातीच्या नराची ०·३७ मिमी. नोंदली गेली असून ज्ञात कोळ्यांतील सर्वांत लहान जातींत या दोहोंची गणना होते. हे कोळी शेवाळात व ओलसर पालापाचोळ्यात राहतात.

या कुलाची स्थापना व्ही. व्ही. हिकमन यांनी १९३१ मध्ये टास्मानियातील एका कोळ्यावरून केली. त्याच्या जबड्यांची जोडी एकमेकींस सांधलेली होती. कुलाचे नावही त्यावरूनच पडले. मादीला पादस्पर्शक नसणे आणि पुस्त-फुप्फुसांचा अभाव ही कुलाची इतर लक्षणे होत. पाटू वंश बी. जे. मार्प्लेस यांनी १९५१ मध्ये पॅसिफिक बेटांवरील नमुन्यांवरून वर्णिला.

पुढील इतिहास मात्र सरळ नाही. न्यूझीलंडचे आर. आर. फॉर्स्टर यांनी १९५९ मध्ये इतर अनेक सूक्ष्म कोळी याच कुलात आणून त्याची व्याप्ती वाढविली. परंतु शरीर अत्यंत लहान झाले की अवयवांचा ऱ्हास निरनिराळ्या कुळींत स्वतंत्रपणेही होऊ शकतो. केवळ उणिवांच्या साम्यावरून नाते ठरविणे धोक्याचे असते. १९७७ मध्ये फॉर्स्टर यांनीच एन. आय. प्लॅटनिक यांच्यासह आपले पूर्वीचे मत बदलले आणि ॲनापिडी, मिस्मेनिडी इ. कुले वेगळी मानली. शास्त्रज्ञाने स्वतःची मांडणी अशी मोडावी, हे विरळाच. या सर्व कुलांचे परस्परसंबंध डीएनए-विश्लेषणानंतरही वादग्रस्त आहेत.

कुल संकुचित करणाऱ्या याच प्रबंधाने पाटूचा प्रदेश मात्र विस्तारला : त्यात कोलंबियातील तीन नव्या जाती वर्णिलेल्या होत्या. पॅसिफिकच्या पश्चिम भागातील बेटे आणि दक्षिण अमेरिका यांमधील हे अंतर चमत्कारिक वाटते. तथापि १९९६ मध्ये सेशेल्समधून आणि २००९ मध्ये व्हिएटनाम व चीनच्या युनान प्रांतातील गावलिगुंग पर्वतातून नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध झाली. एवढासा प्राणी हाताने वेचून क्वचितच सापडतो. त्यासाठी पालापाचोळा चाळावा लागतो. त्यामुळे या वंशाच्या प्रसाराचा नकाशा हा बऱ्याच अंशी संग्राहकांच्या प्रवासाचाच नकाशा आहे. त्यातील रिकाम्या जागांवरून प्राचीन भूखंडांविषयी अनुमान काढणे प्रस्तुत लेखकास घाईचे वाटते.