साच्यांनी वाचवलेली गाडी

एमजी म्हटलं की आज तुमच्या डोळ्यांसमोर हेक्टर येते. पण हे नाव मूळचं ऑक्सफर्डमधल्या ‘मॉरिस गराजेस’चं. याच एमजीचा कारखाना १९२९ पासून जवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात होता आणि तिथे छोट्या स्पोर्ट्स कार बनायच्या. त्यातल्याच एका गाडीबद्दल आज बोलू. तिचं नाव एमजीबी.

१९६२ साली ती बाजारात आली. दोन सीट, वर कापडी टप, १७९८ सीसीचं इंजिन. आता गंमत ऐका. हे इंजिन काही खास रेसिंगसाठी जन्मलेलं नव्हतं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या घरगुती गाड्यांमध्ये असायचं त्याच ‘बी-सिरीज’ घराण्यातलं ते. आपल्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, तेही याच घराण्यातलं! म्हणजे इंग्लंडची स्पोर्ट्स कार आणि आपली सरकारी पांढरी गाडी ही चक्क चुलत भावंडं.

त्यामुळे इंजिन सांभाळणं फार अवघड नाही. टॅपेट सेट करा, एसयू कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीत थोडं पातळ ऑइल घाला, पुढच्या चाकांच्या किंगपिनला दर तीन हजार मैलांनी ग्रीस मारा. साध्या पान्यांनी होणारी कामं आहेत ही.

एमजीबीचा खरा शत्रू म्हणजे गंज. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. त्यात वर छप्पर नाही. मग मधला भार कोण घेणार? दोन्ही दारांखालचे उंबरठे. गाडीच्या भाषेत त्यांना सिल म्हणतात. पत्र्याचे तीन भाग जोडून ही पोकळ पेटी बनते. आत ओलावा अडकला की ती आतून सडत जाते आणि बाहेरून रंग चकाचक दिसतो.

मग काही जण सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकून देतात. दिसायला छान, पण आतला गंज तसाच. नीट काम करायचं तर सडलेलं सगळं कापावं लागतं. आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करावा लागतो. नाही केला तर बॉडी मध्येच खचते आणि नंतर दारं बसतच नाहीत. रेस्टोरेशन म्हणजे पॉलिश, असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा.

आता इतिहासाकडे वळू. सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्याची पन्नाशी नुकतीच साजरी झाली होती आणि लगेच तो बंद करायची घोषणा झाली. तेव्हा मालक होती ब्रिटिश लेलँड, तोट्यात बुडालेली. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. तोवर पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. आता पत्रा आणायचा कुठून?

इथे ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ ही संस्था येते. डेव्हिड बिशप यांच्या पुढाकाराने बॉडीचे पत्रे दाबायचे जुने साचे शोधून एकत्र केले गेले. १९८८ मध्ये फॅरिंग्डन गावात एमजीबीची कोरी करकरीत बॉडी पुन्हा बनू लागली. गाडी बंद होऊन आठ वर्षं झालेली, आणि मूळ साच्यांतून नवी बॉडी! पुढे १९९२ मध्ये याच कामाच्या जोरावर ‘एमजी आरव्ही८’ नावाची नवी गाडी आली. सुमारे दोन हजार बनल्या आणि बहुतेक जपानला गेल्या.

काही शौकीन विचारतात, बॉडी नवी, इंजिन जुनं, मग ही गाडी जुनी म्हणायची का? माझं मत विचाराल तर हो. काचेत ठेवलेल्या गाडीपेक्षा पावसात पळणारी, पुन्हा गंजणारी आणि पुन्हा दुरुस्त होणारी गाडीच मला जास्त खरी वाटते.

एमजीबी टिकली ती मजबूत होती म्हणून नव्हे. ती उघडता येत होती, कुणीतरी साचे भंगारात जाऊ दिले नाहीत आणि वेल्डिंग येणारे हात शिल्लक होते, म्हणून ती टिकली. आता हातातल्या फोनकडे बघा. त्याची बॅटरी बहुधा गोंदाने चिकटवलेली आहे. कंपनीने उद्या सुटे भाग देणं बंद केलं, तर तो किती वर्षं टिकेल? पुढची वस्तू घेताना दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: ‘ही उघडून दुरुस्त होते का?’

तुमच्या घरी पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊन अजून चालणारी एखादी वस्तू असेल, तर मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!