परवडणाऱ्या बर्बनचा वंशवृक्ष : 'इव्हान विल्यम्स' व्हिस्कीचा इतिहास आणि निर्मिती

प्रस्तावना :

अमेरिकेतील केंटकी राज्यात प्रामुख्याने मक्यापासून तयार होणारी बर्बन व्हिस्की हा त्या देशाच्या औद्योगिक व सांस्कृतिक इतिहासाचा एक महत्त्वाचा घटक होय. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बनला अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. दुर्मीळ व महागड्या बर्बनविषयी विपुल लेखन झाले आहे. मात्र सामान्य ग्राहकाच्या खिशाला परवडणाऱ्या व्हिस्कीकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात 'इव्हान विल्यम्स' या व्हिस्कीचा विचार केला आहे. तिच्या लेबलवर मिरवणारे १७८३ हे साल आणि तिची माफक किंमत या दोहोंचा उगम सर्वस्वी भिन्न आहे, असे कागदपत्रांवरून दिसून येते.

पूर्वजाचा शोध :

अमेरिकेतील दारूबंदी १९२० ते १९३३ या काळात अमलात होती. ती उठल्यानंतर १९३५ मध्ये बार्ड्सटाउन येथे हेवन हिल आसवनीची स्थापना झाली. कंपनीची सूत्रे ज्यांच्या हाती आली, ते शपिरा बंधू मूळचे दुकानदार. जुनी घराणी ज्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती, त्या व्यवसायात या मालकांकडे स्वतःचा असा वारसा नव्हता. १९५७ मध्ये कंपनीने नव्या व्हिस्कीला लुईव्हिल येथील अठराव्या शतकातील वेल्श स्थलांतरित इव्हान विल्यम्स याचे नाव दिले आणि केंटकीचा पहिला व्यावसायिक आसवक म्हणून त्याचा गौरव केला.

या दाव्याला आधार आहे तो रुबेन ड्युरेट यांच्या १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुईव्हिलविषयक ग्रंथाचा. विल्यम्सने १७८३ मध्ये तेथे आसवनी सुरू केली, असे ड्युरेट यांनी नोंदविले. परंतु विल्यम्सच्या लंडन ते फिलाडेल्फिया या सागरी प्रवासाची पावती मे १७८४ ची आहे. जो मनुष्य १७८४ मध्ये लंडनहून निघाला, त्याने त्याच्या आदल्या वर्षीच केंटकीत व्हिस्की गाळली, हे संभवत नाही. विशेष म्हणजे ही पावती जतन झाली ती फिल्सन संस्थेत, आणि त्या संस्थेच्या संस्थापकांत ड्युरेट स्वतः होते! शिवाय विल्यम्सच्या आधीही तेथील वसाहतकरी घरोघरी मक्याची दारू गाळत असत.

हेवन हिलने १९८६ मध्ये 'एलायजा क्रेग' ही दुसरी व्हिस्की बाजारात आणली. धर्मोपदेशक क्रेग हा बर्बनचा जनक, ही आख्यायिका कॉलिन्सकृत केंटकीच्या इतिहासातील (१८७४) १७८९ सालाच्या उल्लेखावर उभी आहे. अशा प्रकारे दोन प्रतिस्पर्धी आद्यपुरुष एकाच कंपनीच्या मालकीचे झाले. इतिहासाच्या बाजारीकरणाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

निर्मिती आणि किंमत :

अमेरिकन कायद्यानुसार बर्बनच्या धान्यमिश्रणात किमान ५१ टक्के मका आवश्यक असतो. ऊर्ध्वपातनानंतर मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांपर्यंतच ठेवावे लागते. पिंप ओक लाकडाचे, नवे आणि आतून जाळून कोळसलेले हवे. बाहेरून रंग वा स्वाद मिसळण्यास मनाई आहे. भारतात मळीच्या मद्यार्कापासून बनविलेले पेयही व्हिस्की म्हणून विकले जाते, हे लक्षात घेता या नियमांचा काटेकोरपणा ध्यानी येतो.

हे सर्व नियम स्वस्त आणि महाग बर्बनला सारखेच लागू पडतात. नवे पिंप दोन्हींना घ्यावे लागते व बर्बनसाठी ते पुन्हा वापरता येत नाही. वापरलेली पिंपे बहुधा स्कॉटलंडला जातात. मग बचत होते कुठे? हेवन हिलच्या प्रचलित मिश्रणात ७८ टक्के मका, १२ टक्के मोड आणलेले बार्ली आणि १० टक्के राय असते. मका हे यांतील स्वस्त धान्य. शिवाय हेच मिश्रण कंपनीच्या अनेक व्हिस्कींसाठी वापरले जाते, अखंड चालणाऱ्या स्तंभयंत्रात प्रचंड प्रमाणात ऊर्ध्वपातन होते. उरतो तो काळ. पिंपात दरवर्षी काही व्हिस्की बाष्परूपाने उडून जाते व गोदामाचा खर्च वाढत राहतो. म्हणून तरुण व्हिस्की स्वस्त. काळ्या लेबलवर एकेकाळी सात वर्षांचा उल्लेख असे, तो पुढे काढून टाकण्यात आला. मात्र चार वर्षांहून कमी वयाच्या 'स्ट्रेट' व्हिस्कीवर वय छापणे बंधनकारक असल्याने, वय न छापलेली 'स्ट्रेट' बर्बनही किमान चार वर्षांची असते. पांढऱ्या लेबलची व्हिस्की तर १८९७ च्या 'बॉटल्ड इन बाँड' कायद्याखाली येते : एकच आसवनी, एकच हंगाम, किमान चार वर्षे आणि नेमका ५० टक्के मद्यार्क. अल्प किमतीतही ग्राहकाची फसवणूक होत नाही, ती या सव्वाशे वर्षांहून जुन्या कायद्यामुळे. लेबलवरील पूर्वजामुळे नव्हे.

१९९६ ची आग :

७ नोव्हेंबर १९९६ रोजी बार्ड्सटाउन येथे भीषण आग लागून सात गोदामे, आसवनी आणि सुमारे ९०,००० पिंपे भस्मसात झाली. तथापि उरलेल्या गोदामांतील साठा सुरक्षित राहिला आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपल्या आसवन्या हेवन हिलसाठी खुल्या करून दिल्या. १९९९ मध्ये कंपनीने बर्नहाइम आसवनी विकत घेतली आणि तेथे स्वतःचे ऊर्ध्वपातन पुन्हा सुरू केले. ही आसवनी लुईव्हिलमध्ये होती. ज्या शहराच्या नावे चार दशके दावा सांगितला गेला, त्या शहरात ही व्हिस्की प्रत्यक्ष तयार होऊ लागली ती या दुर्घटनेनंतर. २०१३ मध्ये तेथील मेन स्ट्रीटवर, ओहायो नदीच्या धक्क्यापासून जवळच, विल्यम्सच्या कथेभोवती रचलेले पर्यटन केंद्रही उघडले.